स्नायूंना रक्त कोण पाठवते?

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांच्या शिबिरात रक्ताभिसरणावर बोलायला गेलो होतो. बोलणे संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका बाईंनी हात वर केला. "सर, पुस्तकात एके ठिकाणी लिहिलंय की अनुकंपी चेता रक्तवाहिन्या अरुंद करतात. थोडं पुढे गेलं की लिहिलंय, पळताना अनुकंपी चेता स्नायूंतल्या रक्तवाहिन्या रुंद करतात. मुलं विचारतात, नक्की काय करतात? मी काय सांगू?"

मी जे उत्तर दिले ते गुळमुळीत होते. "जागा पाहून काम बदलतं, बाई," असे काहीतरी म्हणालो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. बाई खाली बसल्या. त्यांचे समाधान झालेले नाही हे दिसत होते आणि माझेही झाले नव्हते. परत येताना एसटीत लक्षात आले की मी अगदी पुस्तकासारखाच वागलो. विसंगती समोर आली आणि तिच्यावर एक वाक्य पांघरून पुढे गेलो.

म्हणून आज त्या परिच्छेदाचीच तपासणी करू. कोणा एका पुस्तकावर टीका करण्याचा हेतू नाही, कारण हा परिच्छेद थोड्याफार फरकाने कितीतरी पुस्तकांत सापडतो.

परिच्छेद काय म्हणतो?

त्याचा सारांश असा. संकट आले किंवा पळायची वेळ आली की मेंदू अनुकंपी चेतासंस्थेला हुकूम सोडतो. त्या हुकमाने हृदय जोरात चालते, त्वचेतल्या व आतड्यातल्या रक्तवाहिन्या अरुंद होतात, स्नायूंतल्या रुंद होतात आणि रक्त तिकडे वळते. सोबत बहुधा एक आकृती असते. वर मेंदू, खाली बाण, बाणाच्या टोकाला स्नायू.

यातले हृदयाविषयीचे विधान खरे आहे. त्वचा आणि आतडी यांच्याविषयीचेही बऱ्याच अंशी खरे आहे. (पळून अंग तापले की उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतला रक्तप्रवाह उलट वाढतो, हे मात्र सहसा लिहिलेले नसते.) अडचण आहे ती स्नायूंच्या बाणाची.

आधी बाजू समजून घेऊ. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. त्यातले साधारण १ लिटर सगळ्या स्नायूंना मिळून जाते. जोरात पळताना हृदय २० ते २५ लिटर रक्त ढकलते आणि त्यातले ८० टक्क्यांहून अधिक स्नायूंकडे जाते. म्हणजे स्नायूंचा वाटा १ लिटरवरून १६ ते २० लिटरवर गेला. एवढी मोठी वाढ पाहिली की कोणीतरी वरून हुकूम सोडला असणार असे वाटणे स्वाभाविक आहे. पण स्वाभाविक वाटणे हा पुरावा नव्हे.

ससा आणि बेडूक

१८५१-५२ च्या सुमारास पॅरिसमध्ये क्लोद बर्नार्ड याने सशाच्या मानेतली अनुकंपी चेता कापली. त्या बाजूचा कान लाल आणि गरम झाला. चेता कापल्यावर रक्त वाढले! पाठोपाठ ब्राऊन-सेकार याने कापलेल्या चेतेच्या टोकाला विजेने उत्तेजन दिले, तेव्हा कान फिका पडला. याचा अर्थ स्पष्ट होता. अनुकंपी चेता रक्तवाहिनीला आवळून धरते. ती सुटली की वाहिनी रुंदावते. बाईंच्या पुस्तकातले पहिले विधान इथून आलेले आहे.

स्नायूंचे काय? डब्ल्यू. एच. गॅस्केल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७० नंतरच्या दशकात बेडकाचा एक पातळ स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली धरला. स्नायू आकुंचन पावला की त्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावत. १८८० साली त्याने असेही दाखवले की सौम्य आम्लाने रक्तवाहिन्या सैल पडतात, आणि सुचवले की राबणाऱ्या स्नायूत तयार होणारे पदार्थच त्याच्या रक्तवाहिन्या उघडत असावेत. म्हणजे स्नायू स्वतःच्या कामातून स्वतःची गरज जाहीर करतो.

पुढच्या काळात या कल्पनेला भरपूर आधार मिळाला. काही रुग्णांच्या हाताच्या अनुकंपी चेता शस्त्रक्रियेने काढलेल्या असतात. त्यांनी मूठ उघडमीट केली की बाहूतला रक्तप्रवाह वाढतोच. हुकमाची तार तोडली तरी नळ उघडतो. मग हुकूम तारेतून येत होता असे कसे म्हणायचे?

राबणारा स्नायू पोटॅशियम, ॲडिनोसिन, आम्ल असे पदार्थ बाहेर सोडतो. रक्तवाहिनीचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते. ऑक्सिजन देऊन बसलेल्या तांबड्या पेशींमधूनही एटीपी बाहेर पडते आणि तेही वाहिनी रुंदावते. यांपैकी एकाला औषधाने अडवले तर बाकीचे बरेचसे काम उचलून धरतात, म्हणून "तो एक पदार्थ" शोधणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्या निराशा होत आली आहे. शिवाय एका आकुंचनानंतर एक-दोन सेकंदांतच प्रवाह वाढू लागतो. इतक्या लवकर काय घडते, यावर आजही वाद चालू आहेत. आकुंचनाच्या दाबाने वाहिनी चेपते आणि सुटल्यावर आपोआप सैलावते, हाही त्याचा एक भाग मानला जातो.

रुंदावणे थोडेसेच लागते, ही गंमतही मुलांना सांगण्यासारखी आहे. नळीतला प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो, हा प्वाझयचा नियम. त्यानुसार त्रिज्या फक्त १९ टक्क्यांनी वाढली तर प्रवाह दुप्पट होतो आणि त्रिज्या दुप्पट झाली तर सोळापट. रक्त काही साधे पाणी नव्हे, त्यामुळे हा हिशेब अंदाजाचाच. पण बारीक रोहिण्यांच्या हाती एवढी सत्ता का, हे त्यातून कळते.

मग चूक आली कुठून?

चूक निव्वळ निष्काळजीपणाची नाही. वॉल्टर कॅनन याने १९१५ च्या आपल्या पुस्तकात भय आणि संताप यांच्या वेळी शरीरात होणारे बदल मांडले. 'लढा किंवा पळा' ही कल्पना त्यातून रूढ झाली. पुढे १९४० नंतर स्वीडनमध्ये फोल्कोव्ह आणि उव्नास यांच्या गटाला मांजरांत व कुत्र्यांत वेगळेच अनुकंपी तंतू सापडले. ते नॉरॲड्रिनॅलिनऐवजी ॲसिटिलकोलीन सोडतात आणि स्नायूंतल्या वाहिन्या खरोखरच रुंद करतात. मेंदूतल्या अधश्चेतकाला उत्तेजन दिले की मांजर हल्ल्याच्या तयारीत यावे तसा हा परिणाम दिसतो.

झाले! बाणाला आधार मिळाला. पण तो मांजराचा आधार होता. माणसाच्या स्नायूंत असे तंतू असल्याचे सिद्ध झालेले नाही. मानसिक ताणाच्या वेळी आपल्या बाहूतला रक्तप्रवाह वाढतो हे खरे. त्यात रक्तातून येणाऱ्या ॲड्रिनॅलिनचा आणि नायट्रिक ऑक्साइडचा हात असतो. व्यायामातल्या प्रचंड वाढीपुढे ॲड्रिनॅलिनचा हा वाटा लहानच आहे.

उलट, प्रत्यक्ष मोजणी काय सांगते पाहा. स्वीडनमधल्या उप्सालात हागबार्थ आणि वाल्बो यांनी १९६० नंतरच्या दशकात माणसाच्या चेतेत अतिशय बारीक सुई घालून तिच्यातले संदेश टिपण्याची पद्धत बसवली. या पद्धतीने दिसले की माणूस मूठ घट्ट आवळून धरतो तेव्हा पायाच्या स्नायूंकडे जाणारे अनुकंपी संदेश वाढतात. आणि हे संदेश वाहिन्या आवळणारे असतात.

म्हणजे व्यायामात चेतासंस्था स्नायूंतल्या वाहिन्या उघडत नाही; ती त्या आवळू पाहते! हे विचित्र वाटते. रक्ताची सर्वांत जास्त गरज ज्यांना आहे, त्यांचाच नळ आवळायचा?

हिशेब करून पाहू

उत्तर साध्या गुणाकारात आहे. १९८५ साली कोपनहेगनमध्ये अँडरसन आणि साल्टिन यांनी माणसाला फक्त एका पायाच्या मांडीच्या पुढच्या स्नायूने काम करायला लावले आणि त्यातला रक्तप्रवाह मोजला. बाकी शरीर स्वस्थ, म्हणजे हृदयावर फारसा ताण नाही. त्या लहानशा स्नायूत दर किलोला मिनिटाला सुमारे अडीच लिटर रक्त वाहत होते. तोवर समजले जात होते त्यापेक्षा हा आकडा खूपच मोठा होता.

आता समजा, पळताना एखाद्या माणसाचे १५ किलो स्नायू पूर्ण जोराने राबत आहेत. १५ गुणिले अडीच म्हणजे साडेसदतीस लिटर. पण आपल्या या माणसाचे हृदय जास्तीत जास्त २० लिटर देऊ शकते. मागणी साडेसदतीस, पुरवठा वीस!

एखाद्या चार मजली इमारतीचा विचार करा. खालच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी एकाच वेळी नळ पूर्ण सोडले की वरच्या मजल्यावर काय होते, हे वेगळे सांगायला नको. नळाला नुसता फुसफुस आवाज येतो. शरीरात हा वरचा मजला म्हणजे मेंदू. रक्तदाब म्हणजे हृदयाने ढकललेले रक्त गुणिले वाहिन्यांचा एकूण विरोध. साडेसदतीस लिटर वाहू शकेल इतका विरोध कमी झाला आणि हृदयाने मात्र वीसच लिटर दिले, तर दाब जवळपास निम्म्यावर येईल. पळणारा माणूस चक्कर येऊन पडेल.

ही केवळ कागदावरची कल्पना नाही. काही आजारांत स्वायत्त चेतासंस्था निकामी होते. अशा रुग्णांत व्यायाम करताना रक्तदाब वाढण्याऐवजी घसरतो. त्यांच्या स्नायूंतले नळ उघडतात, पण आवर घालणारे कोणी नसते.

थोडक्यात, स्नायू आपला नळ आपणच उघडतो. चेतासंस्था सगळ्या इमारतीचा दाब सांभाळते. त्यासाठी ती हृदयाचा पंप जोरात चालवते, आतडी व मूत्रपिंडे यांचा पुरवठा कमी करते, न राबणाऱ्या स्नायूंचा तर आवळतेच आणि गरज पडली तर राबणाऱ्यांचाही थोडा आवळते. पाय राबत असताना हातही जोराने राबवले तर पायांतला प्रवाह कमी होतो, असे सेकर आणि सहकाऱ्यांना १९७७ साली दिसले होते. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत तो परिणाम तसाच दिसला नाही हेही सांगायला हवे. आवर किती घातला जाईल, हे काम किती जोराचे आणि किती स्नायूंचे यावर अवलंबून असते.

ओढाताण आणि तडजोड

एकीकडे चेता आवळते, दुसरीकडे स्नायू सैल सोडतो. जिंकते कोण? १९६२ साली रेमेनस्नायडर, मिचेल आणि सारनॉफ यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले की राबणाऱ्या स्नायूत अनुकंपी चेतेचा आवळण्याचा जोर बोथट होतो. संदेश तेवढेच येतात, पण वाहिनी त्यांना पूर्वीइतकी दाद देत नाही. स्वस्थ स्नायूत मात्र तोच संदेश पुरेपूर अंमल गाजवतो. ही व्यवस्था मोठी सोयीची आहे. एकच सरसकट संदेश सगळीकडे जातो आणि कोण राबतो आहे, कोण बसला आहे हे जागच्या जागी ठरते. मेंदूला शेकडो स्नायूंची वेगवेगळी यादी ठेवावी लागत नाही.

ही बोथट करण्याची क्रिया बिघडली तर? डुशेन प्रकारच्या स्नायुक्षयात मुलांच्या स्नायूंत डिस्ट्रॉफिन नावाचे प्रथिन नसते. नायट्रिक ऑक्साइड बनवणारे एक विकर या प्रथिनाच्या आधाराने स्नायुपेशीच्या पडद्याला चिकटून असते. डिस्ट्रॉफिन नाही म्हणून तेही जागेवर राहत नाही. डॅलसमधल्या संशोधकांनी १९९८ साली उंदरांत आणि २००० साली या आजाराच्या मुलांत दाखवले की त्यांचे स्नायू राबत असतानाही अनुकंपी चेता त्यांच्या वाहिन्या आवळू शकते. ज्या स्नायूला रक्त हवे त्याचेच रक्त तोडले जाते.

या शोधातून उपचाराची आशा निर्माण झाली. नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम वाढवणाऱ्या औषधाने रक्तप्रवाह सुधारतो असे छोट्या प्रयोगात दिसलेही. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत टॅडालाफिल या औषधाने मुलांच्या चालण्याच्या क्षमतेची घसरण थांबवली नाही. यंत्रणा कळली म्हणून उपाय सापडतोच असे नाही. तरीही ज्या पुस्तकात चेता स्नायूंच्या वाहिन्या रुंद करते असे लिहिले आहे, ते वाचून वाढलेल्या विद्यार्थ्याला या मुलांच्या स्नायूंत काय बिघडले आहे हे कळणारच नाही. चुकीच्या बाणाची ही किंमत आहे.

चेतासंस्थेला कळते कसे?

इथे एक प्रश्न उरतो. स्नायू जर आपले आपणच पाहून घेतो, तर हृदयाने जोर वाढवायचा हे चेतासंस्थेला कोण सांगते? दोन वाटा आहेत.

पहिली वाट वरून खाली. क्रोग आणि लिंडहार्ड यांनी १९१३ साली दाखवले की व्यायाम सुरू होताच, रक्तातून काही रासायनिक निरोप पोहोचण्याच्या आतच, नाडी आणि श्वास वाढतात. मेंदू स्नायूंना हलायचा आदेश देताना हृदयालाही सूचना देतो; सुरुवातीला मुख्यतः व्हेगस चेतेचा लगाम सैल सोडून.

दुसरी वाट खालून वर. १९३७ साली आलम आणि स्मर्क यांनी माणसांना व्यायाम करायला लावून त्या अवयवाचे रक्त पट्टा फुगवून अडवले. व्यायाम थांबला तरी पट्टा सोडेपर्यंत रक्तदाब चढलेलाच राहिला. म्हणजे स्नायूत अडकून पडलेले पदार्थ तिथल्या संवेदी चेतांना डिवचत होते आणि त्या मेंदूकडे तक्रार नेत होत्या. (हा प्रयोग वर्गात करू नये.) वजन उचलून तसेच धरून ठेवले की रक्तदाब एवढा का चढतो, याचे एक कारण इथे आहे. ताणलेला स्नायू स्वतःच्या वाहिन्या चेपतो, रक्त अडते आणि तक्रारी वाढतात.

तेव्हा पुस्तकातल्या आकृतीत बाण एकच नको. खाली जाणारे हवेत, वर येणारेही हवेत, आणि स्नायूच्या आत आपल्याआपण फिरणारा एक हवा.

करून पाहा

दोन विद्यार्थ्यांची नव्हे, एकाच विद्यार्थ्याची गरज आहे. त्याने एक हात सरळ डोक्यावर धरावा, दुसरा खाली सोडावा. सेकंदाला एक या लयीत दोन्ही मुठी उघडझाप कराव्यात. कोणता हात आधी थकतो? बहुधा वरचा. हात हृदयापेक्षा ५० सेंटिमीटर वर गेला की तिथला रक्तदाब पाऱ्याच्या सुमारे ४० मिलिमीटरने कमी होतो. वाहिन्या रुंदावून स्नायू तोट्याची काही भरपाई करतो, पूर्ण करू शकत नाही. स्नायूने आपला नळ कितीही उघडला तरी टाकीत दाब हवाच, हे मुलांना हातानेच कळते. (खांदा दुखत असेल त्याने करू नये. डावा-उजवा फरक काढण्यासाठी विश्रांतीनंतर हात बदलून पुन्हा करावे.)

बाईंना उत्तर

"नववी-दहावीच्या मुलांना एवढे कशाला?" असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. वर लिहिलेले सगळे पाठ्यपुस्तकात कोंबावे असे माझे म्हणणे नाही. पण सोपे करणे आणि चुकीचे करणे यात फरक आहे. जुन्या परिच्छेदाइतक्याच जागेत हे बसते:

राबणारा स्नायू स्वतःच्या कामातून तयार झालेल्या पदार्थांनी आपल्या रक्तवाहिन्या रुंद करतो. त्यामुळे रक्तदाब उतरू नये म्हणून चेतासंस्था हृदय जोरात चालवते आणि अनुकंपी चेतांच्या द्वारे इतर ठिकाणच्या वाहिन्या अरुंद करते. राबणाऱ्या स्नायूत या चेतांचा परिणाम कमी होतो, म्हणून रक्त तिकडे जाते.

तीन वाक्ये आहेत. मुलांनी पकडलेली विसंगती त्यांत उरत नाही.

मला जास्त खटकते ती दुसरीच गोष्ट. जुन्या परिच्छेदात शरीर हे एखाद्या कचेरीसारखे दिसते. वर साहेब, खाली शिपाई, आणि सगळे हुकमावर चालते. खऱ्या शरीरात निर्णय बरेचसे जागेवर होतात आणि वरच्याला खालच्याचे ऐकावे लागते. हे चित्र जास्त खरे तर आहेच, जास्त विचार करायला लावणारेही आहे.

आणि त्या वर्गातली मुले? त्यांनी दोन पानांवरची दोन विधाने शेजारी ठेवली आणि ती जुळत नाहीत हे पाहिले. बर्नार्डच्या सशापासून सुरू झालेल्या वादातला मुख्य प्रश्न त्यांनी कोणाच्या मदतीशिवाय विचारला होता. बाईंनी तो दडपला नाही, माझ्यापर्यंत आणला. मी मात्र तो टाळला. बाई, उत्तराला उशीर झाला. पण तुमच्या मुलांना सांगा, प्रश्न बरोबर होता.